परसांतील कुमुद आणि त्याच्या पानांचे रंग



धुळ्याहून पांझरा ओलांडून उत्तरेस आलें कीं देवपूर लागतें. तेथील आमच्या जुन्या घराच्या परसांत एक दगडी हौद होता. थंड देशांत वाढणाऱ्या जातीच्या कुमुदाचा, म्हणजे ज्याला आपण 'वॉटर लिली' म्हणतों त्याचा, एक गड्डा माझ्या वडिलांनीं त्यांत लावला होता. दोन वर्षें फुलें आलीं. तिसऱ्या वर्षीं पौषांत पानें एकामागून एक पिवळीं पडलीं, कांहींवर तांबूस झांक आली, आणि नवीं पानें येईनात. झाड मेलें असें आम्हीं ठरविलें, हौद उपसला आणि गड्डा उकिरड्यावर टाकला. पुष्कळ वर्षांनीं मला उमगलें कीं तें झाड मेलें नव्हतें, निजलें होतें. आजचें हें भाषण म्हणजे त्या चुकीचें थोडेंसें प्रायश्चित्त समजावें.

प्रथम नांवाविषयीं. आपण कमळ आणि कुमुद यांची गल्लत सहज करतों. आपल्या पूर्वजांनीं ती केली नव्हती. अमरकोशाच्या वारिवर्गांत पद्माचीं नांवें निराळीं आहेत आणि उत्पलाचीं निराळीं. त्यांतही निळें तें इंदीवर, पांढरें तें कुमुद किंवा कैरव, असा भेद केलेला आहे. ओळखण्याची सोपी खूण पानांत आहे. कमळाचें पान अखंड वाटोळें असून पाण्यावर उंच उठतें. कुमुदाचें पान देंठापाशीं चिरलेलें असून पाण्यावर पसरतें. खान्देशाच्या सीमेवर अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यांत, पांचव्या शतकांत काढलेली बोधिसत्त्वाची सुप्रसिद्ध आकृति आहे. तिला आपण 'पद्मपाणि' म्हणतों. पण तिच्या हातांतील फूल निळें उत्पल मानलें जातें. नांव पद्माचें आणि हातांत उत्पल, अशी ही मौज आहे.

आपल्या तळ्यांतील हीं कुमुदें उष्ण देशांतलीं. युरोपच्या थंडींत तगणारें कुमुद फार काळ बहुतेक पांढरेंच असे. ही उणीव जोसेफ बोरी लातूर-मार्लियाक या फ्रेंच गृहस्थानें भरून काढली. त्यानें १८७५ सालीं दक्षिण फ्रान्समधील तांप्ल-सुर-लो या गांवीं रोपवाटिका काढली, आणि युरोपांतील पांढऱ्या कुमुदाचा अमेरिकेंतील पिवळ्या कुमुदाशीं संकर घडवून नव्या जाती निर्माण केल्या. १८८९ च्या पॅरिस येथील जागतिक प्रदर्शनांत त्या मांडल्या गेल्या. चित्रकार क्लोद मोने यानें १८९३ सालीं आपल्या जिव्हेर्नी येथील घराजवळ तळें करावयाचें ठरविलें, तेव्हां या परक्या वनस्पतींनीं पाणी विषारी होईल अशी शेजाऱ्यांनीं ओरड केली. तरीही पुढील सालीं मार्लियाकचीं झाडें तेथें गेलीं, आणि त्यांच्या चित्रांनीं जग वेडें झालें.

मार्लियाकच्या पिवळ्या जातीच्या पानांवर तांबूस-तपकिरी ठिपके असतात. ते रोगाचे नव्हेत, कुळाचे होत. अमेरिकेंतील पूर्वजाकडून ते आले. अशा झाडाचें पान डागाळलें म्हणून औषध मारणें म्हणजे मुलाच्या अंगावरील जन्मखूण घांसून काढण्यासारखें आहे!

आतां खुद्द रंगाचा इतिहास पाहूं. पानांतील हिरव्या द्रव्याला 'क्लोरोफिल' हें नांव पेलेतिये व कावेंतू या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनीं १८१७ सालीं दिलें. तांबड्या-जांभळ्या द्रव्याचें नामकरण १८३५ सालीं मार्कार्ट यानें केलें. तेंच आजचें अँथोसायनिन. १८४० नंतरच्या दशकांत ग्री नांवाच्या फ्रेंच संशोधकानें पिवळ्या पडलेल्या पानांना लोहाचे क्षार दिले आणि तीं पुन्हां हिरवीं झालीं. असें कां व्हावें, हें मात्र त्या काळीं कोणास सांगतां आलें नाहीं. पुढें विल्श्टेटर यानें हिरव्या द्रव्याच्या गाभ्यांत मॅग्नेशियम असल्याचें दाखविलें. वनस्पतींच्या रंगद्रव्यांवरील संशोधनाबद्दल त्यास १९१५ चें नोबेल पारितोषिक मिळालें. लोह त्या द्रव्याच्या घडणींत नाहीं, परंतु तें घडविण्यास लोहावांचून चालत नाहीं. घरांत सुताराचा वासला राहत नाहीं, पण वासल्यावांचून घर उभें राहत नाहीं, तसेंच हें.

एवढें ध्यानांत ठेवलें कीं हौदांतलें पान वाचतां येतें. नवें पान तांबूस निघालें तर चिंता नको. कोंवळ्या पानाचें उन्हापासून रक्षण तें तांबडें द्रव्य करतें असें मानतात, आणि पान जून झालें कीं तें हिरवें होतें. सर्वांत बाहेरचीं, जुनीं पानें पिवळीं पडलीं तर तें त्यांचें वार्धक्य होय. जातांना तीं आपल्यांतील नत्र नव्या पानांकडे धाडतात. हिरवें द्रव्य सरतें आणि आधींपासून असलेला पिवळा रंग उघडा पडतो. मात्र जुनीं पानें भराभर पिवळीं होऊन नवीं लहान लहान येऊं लागलीं, तर झाड उपाशी आहे. गड्डा वेगळा करून ताज्या मातींत लावावा व खत द्यावें. उलट नवेंच पान पिवळें आणि त्याच्या शिरा तेवढ्या हिरव्या, असें दिसलें तर लोहाची उणीव समजावी. आपल्या काळ्या मातींत चुना पुष्कळ, आणि विहिरींचें पाणीही बहुधा जड. अशा ठिकाणीं लोह असूनही मुळांना मिळत नाहीं. उन्हाळ्यांत हौदाचें पाणी आटून त्यांतले क्षार आणखी दाट होतात, हेंही विसरूं नये.

राहिला आमच्या पौषांतला प्रसंग. थंडी पडली कीं या जातीचें कुमुद नवीं पानें आवरतें, जुन्यांवर तांबूस-पिवळी कळा येते, आणि सर्व बळ चिखलांतील गड्ड्यांत सांठवून तें उन्हाची वाट पाहतें. खान्देशचा उन्हाळा कडक म्हणून आपण प्रसिद्ध. पण धुळ्याची थंडीही कांहीं कमी नाहीं, आणि हें झाड ती ओळखतें. त्या दिवशीं कोणी हौदांत हात घालून गड्डा नुसता दाबून पाहिला असता, तर पुरे होतें. घट्ट लागला तर जिवंत, मऊ पडून कुजका वास आला तर मेला, एवढीच परीक्षा.

पांझरेवर बंधारे घालून पाटांनीं पाणी वांटणारी फड पद्धत खान्देशांत शतकानुशतकें चालत आलेली आहे. पाण्याचा स्वभाव पाहून वागणें हें आपल्या मुलखाला नवें नाहीं. तीच नजर परसांतल्या हौदाकडे वळवावी, इतकीच विनंती. आपल्या घरीं या हिंवाळ्यांत कुमुदाचीं पानें पिवळीं झालीं, तर हौद उपसण्यापूर्वीं चैत्रापर्यंत थांबावें. आम्हीं थांबलों नाहीं. तो हौद पुढें कोरडाच राहिला.