ओव्हन लावला की प्रवचन का अडकतं?



गेल्या चातुर्मासातली गोष्ट. संध्याकाळची सव्वासहाची वेळ म्हणजे आमच्या घरात नुसती धावपळ. सूर्यास्ताआधी सगळ्यांची जेवणं व्हायला हवीत, पुरुष मंडळी दुकानातून तेव्हाच येणार, आणि महाराजांचं शंका-समाधानही त्याच वेळी मोबाइलवर थेट सुरू असणार. गुडघ्यांमुळे सासूबाईंना आता फार कुठे जाता येत नाही. त्या स्वयंपाकघरात खुर्ची टाकून, फोन डब्याला टेकवून ऐकत बसतात. जाऊबाईंनी आमटीचं भांडं मायक्रोवेव्हमध्ये ठेवलं की पडद्यावरचं चित्र जागच्या जागी थांबायचं. दोन मिनिटांनी ओव्हनची घंटी वाजली की पुन्हा सुरू!

सासूबाईंचं ठाम मत होतं की थोरली मुद्दाम करते. जाऊबाई म्हणत, इंटरनेटवाला फसवतोय. त्याचा माणूस येऊन वायर बदलून गेला, पैसे घेऊन गेला, तरी तेच. शेवटी सुट्टीवर आलेला पुतण्या हसत म्हणाला, "काकू, ओव्हन आणि वायफाय दोघांची लहर एकच आहे. भांडणारच."

लहर एकच? कोणी ठरवलं असं? त्या प्रश्नामागे लागून मी गेले काही महिने जे वाचलं, ते आज सांगते.

सुरुवात ओव्हनपासूनच करायला हवी. दुसऱ्या महायुद्धात शत्रूची विमानं शोधायला रडार वापरत. त्या रडारच्या नळीला मॅग्नेट्रॉन म्हणतात. अमेरिकेतल्या रेथिऑन कंपनीतले पर्सी स्पेन्सर १९४५ च्या सुमारास अशा नळीजवळ काम करत होते, तेव्हा त्यांच्या खिशातली गोड वडी वितळली. त्यातून पुढे ओव्हन निघाला. पहिला ओव्हन माणसाएवढा उंच आणि सुमारे ३४० किलो वजनाचा होता, म्हणजे आपल्या घरात आणायचा तर आधी दार काढावं लागलं असतं. ओट्यावर मावेल असा, घरगुती ओव्हन १९६७ मध्ये अमेरिकेत विकायला आला.

आता हा ओव्हन चालतो तो साधारण २.४५ गिगाहर्ट्झच्या लहरीवर. रेडिओ, जहाजं, विमानं, पोलीस, सगळ्यांच्या लहरी वेगवेगळ्या ठेवाव्या लागतात, नाहीतर कोणाचंच कोणाला ऐकू येणार नाही. त्यासाठी १९४७ मध्ये अटलांटिक सिटी या गावी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिथे काही पट्टे कारखान्यातल्या, दवाखान्यातल्या आणि असल्या तापवणाऱ्या यंत्रांसाठी बाजूला काढले गेले. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा त्यातलाच. तिथे ही यंत्रं हवा तेवढा गोंगाट करोत, बोलणाऱ्यांनी तिकडे जाऊ नये, अशी ती वाटणी. घरात एक अडगळीची खोली असते ना, तसंच. चांगल्या खोल्या सगळ्या वाटल्या गेल्या, ही कोणी मागितलीच नाही.

बाकीच्या लहरींना मात्र परवाना लागायचाच. आपल्यातल्या पन्नाशी ओलांडलेल्यांना आठवत असेल, साध्या रेडिओलासुद्धा लायसन्स होतं. पोस्टात पुस्तक घेऊन जायचं, फी भरायची, शिक्का मारून आणायचा. १९३३ चा कायदाच होता, परवान्याशिवाय बिनतारी यंत्र घरात ठेवायचं नाही. माझ्या माहेरी ते पुस्तक आजोबांच्या पेटीत घराच्या उताऱ्यासोबत जपून ठेवलेलं असायचं. रेडिओची फी १९८० च्या दशकात बंद झाली. घरात बसून नुसतं ऐकायचं, तरी सरकारची परवानगी हवी, असा तो काळ.

म्हणून पुढचा प्रसंग मला फार मोठा वाटतो, जरी तो एका कचेरीत कागदावर घडला. ९ मे १९८५ रोजी अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने ठरवलं की अडगळीतले तीन पट्टे कोणालाही बोलण्यासाठी, परवान्याशिवाय वापरू द्यायचे. यामागे आयोगातलेच एक अभियंता होते, मायकेल मार्कस. अटी दोनच मुख्य. शक्ती कमी ठेवायची, आणि शेजारच्याचा गोंगाट सहन करायचा. ओव्हनने त्रास दिला तर तक्रार करायची नाही! आमच्या सासूबाईंची तक्रार कोणत्या खात्यात जाते ते मला इथे कळलं. ती १९८५ सालीच फेटाळली गेली होती.

परवाना लागत नाही म्हटल्यावर त्या लहरीवर पहिल्यांदा नजर कोणाची गेली असेल? मला वाटलं होतं सैन्याची, किंवा विद्यापीठांची. ती होती दुकानदारांची. एनसीआर ही गल्ल्याची यंत्रं बनवणारी कंपनी. मोठ्या दुकानांत सणासुदीला मांडणी बदलते, काउंटर हलतात, आणि दर वेळी गल्ल्याच्या यंत्राची वायर जमीन उकरून नव्याने टाकावी लागते. (आमचं कापडाचं दुकान आहे, त्यामुळे दिवाळीआधीची ही उलथापालथ मला वेगळी सांगायला नको.) तेव्हा गल्ले बिनवायरीने जोडता आले तर? हे काम त्या कंपनीच्या नेदरलँड्समधल्या उट्रेख्तजवळच्या अभियंत्यांकडे आलं. त्यातले व्हिक हेज पुढे १९९० पासून सगळ्या कंपन्यांना एकत्र बसवणाऱ्या समितीचे अध्यक्ष झाले. प्रत्येकाने आपलीच पद्धत खरी म्हणायची, मग एकाचं यंत्र दुसऱ्याशी बोलणार नाही. सात वर्षं चर्चा चालली. १९९७ मध्ये पहिला सामाईक नियम आला, १९९९ मध्ये त्याहून वेगवान आला, आणि त्याच वर्षी त्याला 'वायफाय' हे नाव मिळालं. ते जाहिरातवाल्यांकडून पैसे देऊन करून घेतलेलं नाव आहे, त्याचा लांबलचक अर्थ शोधत बसू नका.

व्हॉट्सॲपवर दर महिलादिनाला एक निरोप फिरतो की वायफायचा शोध हेडी लामार या अभिनेत्रीने लावला. मलाही तो आवडायचा, पण ते तितकंसं खरं नाही. तिने आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांनी १९४२ मध्ये पेटंट मिळवलं होतं ते खरं. शत्रूने पाणतीराचा संदेश अडवू नये म्हणून लहर सतत बदलत ठेवायची, अशी ती युक्ती. तिच्या जातीची एक पद्धत पहिल्या वायफायमध्ये होती. एवढं सांगितलं तरी बाईचा मान कमी होत नाही, उगीच वाढवून सांगायची गरज नाही.

आपल्याकडे याच वर्षांत काय चाललं होतं? १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. ते टेलिफोनच्या वायरीतून यायचं. इंटरनेट चालू असलं की फोन बंद, आणि कोणी फोन उचलला की इंटरनेट बंद. फोन असायचा सोप्यात, मामंजींच्या बैठकीजवळ. म्हणजे जगाशी जोडणारी जी काही दोरी होती ती घराच्या पुढच्या खोलीत संपायची. माहेरी फोन करायचा तरी चार माणसांसमोर. स्वयंपाकघरापर्यंत ती दोरी कधी आलीच नाही, आणि त्यात कोणाला काही चुकीचंही वाटत नव्हतं.

जानेवारी २००५ हा महिना मी मुद्दाम लक्षात ठेवला आहे. त्या महिन्यात बीएसएनएलची ब्रॉडबँड सेवा सुरू झाली, आणि त्याच महिन्यात आपल्या सरकारने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा घरात आणि घराबाहेर विनापरवाना वापरायला मोकळा केला. त्यानंतर हळूहळू ती छोटी पेटी आपल्या घरांत आली आणि सोप्यातली दोरी माजघरात, स्वयंपाकघरात पोहोचली. सासूबाई आज आमटीच्या वासात बसून प्रवचन ऐकतात ते त्यामुळे.

इथे एक फरक नीट सांगायला हवा, कारण पुढची गोष्ट त्यावर आहे. मोबाइलच्या टॉवरची लहर कंपनीची असते. कंपनी ती सरकारकडून लिलावात घेते. २०२२ मध्ये ५जीचा लिलाव झाला तेव्हा सरकारला दीड लाख कोटी रुपयांची बोली मिळाली. घरातल्या पेटीची लहर मात्र कोणाची नाही. पेटीपर्यंत येणाऱ्या इंटरनेटचे पैसे आपण देतो, पण पेटीपासून सासूबाईंच्या फोनपर्यंतचे दहा पावलं कोणाच्याच मालकीची नाहीत. ती आपल्याला मिळाली कारण १९४७ मध्ये ती टाकाऊ ठरली होती.

आता ती अडगळीची खोली भरली आहे. अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांनी फोनवर वायफायची यादी उघडून बघा, वीस-पंचवीस शेजारी दिसतील. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा आहे, तो आपल्याकडे २०१८ मध्ये आणखी मोकळा झाला, आणि तिथे ओव्हनचा त्रास नाही. पण लहर जितकी आखूड तितकी ती भिंतीला लवकर हार मानते. आमच्या घराच्या भिंती दगडमातीच्या, दीड-दोन फुटी. उन्हाळ्यात गार राहतात म्हणून आम्ही मिरवतो, वायफायला मात्र त्या शत्रू.

यानंतरची जागा ६ गिगाहर्ट्झची, आणि ती टाकाऊ नाही. अमेरिकेने एप्रिल २०२० मध्ये तिचा १२०० मेगाहर्ट्झचा सगळा पट्टा वायफायला मोकळा केला. आपल्याकडे मोबाइल कंपन्यांचं म्हणणं पडलं की हा पट्टा मोबाइल सेवेसाठी ठेवावा, त्याचा लिलाव व्हावा. वायफायची यंत्रं बनवणारे म्हणाले, घरासाठी मोकळा करा. मे २०२५ मध्ये सरकारने मसुदा काढला, त्यात खालचा ५०० मेगाहर्ट्झचा भाग घरात कमी शक्तीने विनापरवाना वापरू देण्याचं मांडलं. आपला जुना २.४ चा पट्टा ८३ मेगाहर्ट्झचा, त्यामुळे ५०० म्हणजे सहापट. पण या वेळी ती जागा मागायला दोन तालेवार उभे होते, आणि त्या मसुद्यावर हरकती-सूचना पाठवणाऱ्यांत आपल्यासारख्या घरातल्या बायका किती होत्या याचा अंदाज तुम्हीच करा.

दुसरीकडे कंपन्यांनी २०२३ पासून गच्चीवर बसवायच्या पेट्या आणल्या आहेत. टॉवरची ५जी लहर त्या पेटीत येते, तिथून घरात वायफाय. वायर टाकायला रस्ता खणायला नको, म्हणून आडगावच्या वस्तीला हे सोयीचं. त्याहून आखूड, मिलिमीटरमध्ये मोजायच्या लहरींचाही पट्टा कंपन्यांनी घेऊन ठेवला आहे. अशा लहरी पहिल्यांदा तयार करून दाखवणारे कोण, माहीत आहे? जगदीशचंद्र बोस. वनस्पतींना संवेदना असते हे दाखवलं म्हणून पाठशाळेत आपण त्यांचं नाव ऐकतो, वनस्पतिकाय जीवांचा धडा आला की गुरुजी हमखास सांगतात. पण त्याआधी, १८९५ च्या सुमारास, कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी वायरीशिवाय दूरची घंटा वाजवून दाखवली होती आणि दारू उडवून दाखवली होती. पाच मिलिमीटर लांबीची लहर त्यांच्या टेबलावर होती. शोधातून पैसा करण्याची त्यांना आवड नव्हती, पेटंटही आग्रहाखातर घेतलं.

आमच्या घरी शेवटी काय झालं ते सांगते. पुतण्याने माजघराच्या कोनाड्यात दुसरी पेटी बसवली आणि सगळ्यांचे फोन ५ गिगाहर्ट्झवर घेतले. सगळ्यांचे, सासूबाईंचा सोडून. त्यांच्या जुन्या फोनला फक्त २.४ कळतं, आणि नवा फोन घ्यायला त्या तयार नाहीत. "हा चालतोय की," म्हणतात, आणि परिग्रह परिमाणाचं नाव काढलं की आम्ही गप्प.

त्यामुळे आता संध्याकाळी सव्वासहा ते सात आमटी गॅसवर गरम होते. जाऊबाईंनी ओव्हनच्या दाराला कागद चिकटवला आहे : 'शंका-समाधान चालू.'