वहीचे वजन

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या घरी अजूनही वहीची पूजा होते. आजोबांचे किराणा मालाचे दुकान होते. दुकान गेले, वही राहिली. वडील दर दिवाळीला तिच्यावर हळदकुंकू वाहताना एक गोष्ट सांगत. एका वर्षी आजोबांच्या मनाने घेतले की, दुकानातला दाणा न् दाणा वहीत चढला पाहिजे. चिमूटभर हिंग दिला तरी नोंद, मुंगीने साखर नेली तरी नोंद. महिन्याभरात असे झाले की गिऱ्हाइके ताटकळत उभी आहेत आणि आजोबा मान खाली घालून लिहीत आहेत. शेवटी आजी म्हणाली, "अहो, दुकान वहीसाठी आहे की वही दुकानासाठी?"

ही गोष्ट मी गेल्या दिवाळीत पुतण्याला सांगितली, तेव्हा तो फराळाचे ताट तसेच ठेवून म्हणाला, "काका, आमच्या धंद्यातले सगळे भांडण आजीने एका वाक्यात सांगितले की!" तो पुण्याला संगणकाच्या कामात आहे. मी मॅट्रिकपुढे न गेलेला मास्तर. कादंबऱ्या लिहितो आणि मुलांना इतिहास शिकवतो. यंत्राच्या पोटातले मला काय कळणार? पण इतिहास म्हटले की मला राहवत नाही. त्याने सांगितले ते ऐकले, पुढे सुटीत त्याच्याकडून समजावून घेत वाचलेही. तेच आज वाचकांपुढे ठेवतो.

संगणकाच्या सगळ्या कारभाराच्या मुळाशी एक कारभारी असतो. त्याला कर्नल म्हणतात. १९९१ साली हेलसिंकी येथील लिनस टॉरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने असा एक कर्नल लिहून जगाला मोकळा करून दिला. तोच लिनक्स. आज आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनातही तोच बसला आहे. या कारभाऱ्याकडे स्मृतीचे, म्हणजे मेमरीचे, कोठार असते. ते बहुधा चार चार किलोबाइटच्या पानांत विभागलेले असते. मागेल त्याला पान द्यायचे, काम झाले की परत घ्यायचे, हा त्याचा धर्म.

एखादा साधा प्रोग्राम घेतलेली पाने परत करायला विसरला, तर तो संपताच कर्नल ती काढून घेतो. पण खुद्द कर्नलचाच एखादा भाग विसरला, तर? कारभाऱ्याच्या घरातली उचल कोण वसूल करणार? ती पाने यंत्र बंद करून पुन्हा सुरू करीपर्यंत अडकून राहतात. अशी गळती थेंबाथेंबाने होते. तपासणीच्या खोलीत दिवसभर सगळे ठीक दिसते आणि प्रत्यक्ष कामावरचे यंत्र काही आठवड्यांनी अवचित मान टाकते. म्हणजे जिथे रोग दिसतो तिथेच नाडी धरून बसायला हवे. अडचण अशी की, नाडी धरणाराही जागा अडवतो आणि वेळ खातो.

शिवाय पाहण्याने पाहिलेली गोष्ट बदलते. परीक्षेत मी एखाद्या मुलामागे उभा राहिलो की त्याची लेखणी थांबते. मी पुढे सरकलो की पुन्हा चालू लागते. तो एरवी कसा लिहितो, हे मला कधीच दिसत नाही. यंत्रांच्या बाबतीत याला 'प्रोब इफेक्ट' असे नाव आहे.

या प्रश्नाला पहिले ठसठशीत उत्तर दिले ते सन कंपनीतल्या ब्रायन कँट्रिल, माइक शपिरो आणि ॲडम लेव्हेंथल या तिघांनी. त्यांचे डीट्रेस नावाचे साधन २००५ साली सोलॅरिस १० बरोबर लोकांच्या हाती आले. त्यांचा दंडक सरळ होता : पाहणे चालू नसेल तेव्हा पाहण्याची किंमत शून्य असली पाहिजे. चालत्या दुकानात वही आणायची, तर ती मिटलेली असताना गिऱ्हाइकाला अडथळा होता कामा नये.

लिनक्समध्ये हे काम स्टीव्हन रोस्टेड यांच्या एफट्रेसने केले. ते २००८ साली २.६.२७ या आवृत्तीत आले. कर्नलमध्ये हजारो छोटी छोटी कामे असतात. त्यांपैकी बहुतेक प्रत्येकाच्या दारात एक पहारेकरी बसवायचा, अशी ही योजना. पण मोजून पाहिले तर नुसते डुलक्या घेणारे पहारेकरी ओलांडून जाण्यातच सुमारे १३ टक्के वेळ वाया जात होता. एवढा कर कोण भरील? तेव्हा यंत्र सुरू होतानाच प्रत्येक पहारेकऱ्याला उठवून त्याच्या जागी 'काहीच करू नकोस' अशी रिकामी आज्ञा ठेवायची आणि गरज लागेल त्या दारापुरताच तो पुन्हा बसवायचा, असे ठरले. कर वाचला. मात्र त्यासाठी चालत्या कर्नलच्या अंगावरच शस्त्रक्रिया करावी लागे.

आणि इथे घात झाला. त्या वर्षीच्या सप्टेंबरात नव्या कर्नलची चाचणी करणाऱ्यांपैकी काहींच्या यंत्रांतली जाळ्याशी जोडणारी इंटेलची चिप एकाएकी निकामी होऊ लागली. यंत्र बंद करून सुरू केले तरी उपयोग होईना, कारण चिपच्या कायमच्या स्मृतीतला मजकूरच बिघडत होता. उत्साहाने चाचणीला पुढे आलेल्या माणसांच्या पदरी मोडकी यंत्रे पडली. पहिला संशय साहजिकच त्या चिपच्या चालकावर, म्हणजे ई१०००ई नावाच्या ड्रायव्हरवर, गेला. इंटेलच्या लोकांनी चिपच्या स्मृतीला कुलूप लावले, पण चोर सापडेना.

चोर निघाला पहारेकऱ्यांचा मुकादम! एफट्रेसने दारांचे पत्ते टिपून ठेवले होते. पण त्यांतली काही घरे फक्त आरंभीच्या कामापुरती होती. काम होताच कर्नलने ती पाडून जागा मोकळी केली आणि त्याच पत्त्यावर चिपची स्मृती येऊन बसली. एफट्रेस जुना पत्ता घेऊन तिथे गेला. आंधळेपणाने बदल करू नये, एवढी खबरदारी त्यात होती. जुना पहारेकरीच आहे ना, हे आधी ताडून पाहायचे आणि जुळले तरच बदल करायचा. पण ज्या आज्ञेने हे ताडून पाहिले जाई, तिची रीत अशी की, जुळले नाही तरी वाचलेले ती पुन्हा त्याच जागी लिहिते. साध्या स्मृतीत त्याने काही बिघडत नाही. चिपच्या स्मृतीत त्या एका लिहिण्याने अनर्थ झाला. ऑक्टोबरात हा उलगडा झाला आणि त्याच महिन्यात निघालेल्या २.६.२७.१ या आवृत्तीत ती शस्त्रक्रिया बंद करण्यात आली. पुढे ती निर्धोक होऊन परत आली. आता दारांची यादी कर्नल तयार होतानाच केली जाते.

ही हकिकत वाचून मी बराच वेळ खिडकीबाहेर पाहत बसलो. वहीची किंमत वेळात आणि जागेत मोजावी, हे आजोबांना उशिरा का होईना कळले होते. पण वहीच्या टाकाची शाई मालावर सांडू शकते, हे तिसरे माप इथे दिसले.

पुढची वर्षे या मापांच्या ओढाताणीतच गेली. २००९ साली २.६.३१ आवृत्तीत दोन तपासनीस एकदमच आले. केमेमलीक हा दर दहा मिनिटांनी कोठारात फेरी मारून, ज्यांचा पत्ता कुणापाशीच उरलेला नाही अशा वस्तू हुडकी. केमेमचेक मात्र बाइटन् बाइट तपासणारा. त्याच्या पायी यंत्राला एकाच प्रोसेसरवर चालावे लागे. अखेर त्याहून हलके साधन हाती आल्यावर २०१८ च्या जानेवारीतल्या ४.१५ आवृत्तीतून त्याला निरोप मिळाला. आजोबांची वहीच म्हणा ना!

अलीकडचा वाद याहून उद्बोधक आहे. सुरेन बाघदासार्यन आणि केंट ओव्हरस्ट्रीट यांनी असे मांडले की, कर्नलमध्ये जिथून जिथून स्मृती मागितली जाते, त्या प्रत्येक ठिकाणाच्या नावे एक कायमचे खाते उघडावे. जाणत्यांपैकी काहींचा आक्षेप होता, "पहारेकरी आहेतच की! त्यांच्याकडूनच ही नोंद घ्या. सगळ्या कोठाराला नवी कलमे कशाला जोडता?" आक्षेप खोटा नव्हता. वाढलेला प्रत्येक धागा पुढे कुणाला तरी सांभाळावा लागतो. पण उत्तरही बिनतोड होते. पहारेकरी एकेक घटना सांगतात; परत आलेले पान मुळात कुणी नेले होते, हे कळायला दर उचलीची आठवण वेगळी ठेवावी लागते. पहारा उशिरा बसवला तर आधीची उचल हिशेबात येत नाही, आणि घटनांची गर्दी झाली की जुन्या नोंदी पुसल्या जातात. त्यापेक्षा दर पानामागे आठ बाइटची एक चिठ्ठी ठेवली, तर खर्च कोठाराच्या ०.२ टक्के. शिवाय नको तेव्हा हिशेब बंद करण्याची कळही आहे. अनेक फेऱ्यांच्या चर्चेनंतर जुलै २०२४ मध्ये ६.१० या आवृत्तीत हे खाते सुरू झाले.

मला या इतिहासात आवडले ते हे की, वही ठेवायला निघालेल्याला प्रत्येक वेळी विचारले गेले, "तुझ्या वहीचे वजन किती?" आणि त्याला आकडा द्यावा लागला.

हा प्रश्न मास्तरालाही लागू आहे. गेल्या वर्षी मी माझ्या वर्गातल्या मुलांबद्दल रोज टिपणे करू लागलो होतो. कोण चुकला, कोण गप्प होता, कोणी काय विचारले. टिपणे सुरेख झाली. एके दिवशी मागच्या बाकावरची एक मुलगी वहीजवळ येऊन उभी राहिली आणि मी लिहितो आहे असे पाहून परत गेली. तिला काय विचारायचे होते, ते माझ्या टिपणांत नाही.

आता मी आठवड्याला एकच पान लिहितो. यंदा लक्ष्मीपूजनाला आजोबांच्या वहीशेजारी तीही बारकी वही ठेवणार आहे.