पूर्वनिश्चय (मोहप्रसंगीचा)

मोहाचा प्रसंग प्रत्यक्ष उभा राहण्यापूर्वी, मन स्वस्थ आणि बुद्धी निर्लेप असताना, त्या प्रसंगी काय करावयाचे व काय करावयाचे नाही हे ठरवून टाकणे आणि तो ठराव ऐन प्रसंगी पुन्हा विचारास न घेणे, या वर्तनप्रकारास पूर्वनिश्चय म्हणतात. नेम, व्रत, संकल्प, शपथ, प्रतिज्ञा आणि मुचलका ही त्याचीच निरनिराळी रूपे होत. महाराष्ट्रात त्याचे सर्वांत व्यापक आणि आजही जिवंत असलेले रूप म्हणजे वारकऱ्याच्या गळ्यातील तुळशीची माळ. म्हणून प्रस्तुत नोंदीत, वारकरी आचार मुरलेले आंबेगाव तालुक्याच्या पूर्वेकडील लोणी हे गाव आणि भोवतालचा जुन्नर-आंबेगावचा प्रदेश दृष्टीसमोर ठेवून विवेचन केले आहे.

संज्ञा आणि परंपरा : धर्मकृत्याच्या आरंभी देश व काल यांचा उच्चार करून, कोणते कर्म कशासाठी करणार हे सांगून, तळहातावरून ताम्हनात उदक सोडण्याचा जो विधी असतो, त्यास संकल्प म्हणतात, दानाच्या वेळी अशाच रीतीने उदक सोडून वस्तूवरील आपले स्वामित्व संपल्याचे जाहीर केले जाते, आणि मराठीतील ‘पाणी सोडणे’ हा वाक्प्रचार याच रीतीतून आला आहे. आषाढ शुद्ध एकादशीपासून चातुर्मास लागतो व त्यात कांदा, लसूण, वांगे वर्ज्य करण्याचा नेम अनेक घरांत असतो. त्याआधीच्या नवमीस कांदेनवमी म्हणतात आणि त्या दिवशी कांद्याचे पदार्थ आवर्जून केले जातात, म्हणजे त्यागाची तारीखही आधीच ठरलेली आणि निरोपही रीतसर दिलेला असतो. जैन आचारात विशिष्ट वस्तू विशिष्ट काळापुरती सोडत असल्याचे आधी उच्चारून सांगण्यास प्रत्याख्यान म्हणतात. बौद्ध उपासक पंचशीलाचा उच्चार करून मद्यपानादी पाच गोष्टींपासून दूर राहण्याचा नियम स्वतःहून पत्करतो. जुन्नरच्या भोवती लेण्याद्री, तुळजा, मानमोडी आणि शिवनेरी येथे जी बौद्ध लेणी खोदलेली आहेत, त्यांवरून हा शीलविचार या डोंगरांत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी नांदत होता हे दिसते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांस ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांतही मद्यपान न करण्याची प्रतिज्ञा आहे.

स्वरूप : पूर्वनिश्चयाची तीन अंगे मानता येतात. पहिले, प्रसंगाची ओळख : मोह कोठे, कोणत्या वेळी आणि कोणाच्या मुखाने येतो हे जाणणे. दुसरे, उत्तराची निश्चिती : त्या घटकेस उच्चारावयाचा शब्द अथवा करावयाची कृती नेमकी ठरविणे. तिसरे, साक्ष : तो निश्चय गुरू, कुटुंब, पंचमंडळी किंवा निदान स्वतःच्या वहीतील कागद यांच्यापुढे प्रकट करणे. साठवणीच्या बराखीत उन्हाळी कांदा भरतानाच, अमुक भाव आला की निम्मा माल मंचरच्या बाजारात काढावयाचा, असे घरातील माणसांसमक्ष ठरविणारा शेतकरी तिन्ही अंगे सांभाळतो. ज्याने हे ठरविले नाही त्याला भाव चढू लागला की ‘आणखी चार दिवस थांबू’ असे वाटते आणि उतरू लागला की ‘पुन्हा चढेल’ असे वाटते. दोन्ही वेळा युक्तिवाद त्याचाच असतो, पण बोलविता धनी लोभ असतो. मोहाच्या घटकेला बुद्धी नाहीशी होत नाही, ती मोहाची वकिली करू लागते. म्हणूनच त्या घटकेस तिला कौल लावावयाचा नाही, हा पूर्वनिश्चयाचा गाभा आहे.

माळ : आळंदी व देहू ही क्षेत्रे लोणीहून पायी दोन दिवसांच्या अंतरावर, आणि तुकाराममहाराजांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी म्हणून पूजिले जाणारे स्थान जुन्नर तालुक्यातील ओतूर येथे. त्यामुळे वारकरी आचार या मुलखात घरोघर मुरलेला आहे. संप्रदायातील अधिकारी पुरुषाच्या हातून तुळशीची माळ गळ्यात घालून घेताना मांसाहार व मद्य वर्ज्य करणे, परस्त्री मातेसमान मानणे, एकादशीचा उपवास, हरिपाठ आणि पंढरीची वारी हे नेम पत्करले जातात. तेव्हापासून तो माणूस ‘माळकरी’ होतो. आणि हा शब्द ग्रामीण व्यवहारात इतका रुळला आहे की मांसाहार न करणारा एवढ्याच अर्थानेही तो वापरला जातो.

माळेचे सामर्थ्य कोठे आहे हे गावच्या यात्रेत दिसते. पाहुण्यांनी घर भरलेले असते, चुलीवर मटणाची पातेली चढलेली असतात, आणि ‘दाजी, घ्या की थोडं, एवढ्यानं काय होतंय’ असा आग्रह चालू असतो. हा आग्रह प्रेमाचा असल्यामुळेच तो मोडणे अवघड. ज्याने नुसतेच मनाशी ठरविले आहे त्याला येथे कारणे द्यावी लागतात, प्रकृतीची सबब सांगावी लागते, आणि दिलेले प्रत्येक कारण यजमानाला खोडून काढता येते. माळकऱ्याला मात्र ‘माळ हाय गळ्यात’ एवढेच म्हणावे लागते, आणि पुष्कळदा तेवढेही म्हणावे लागत नाही. वाढणारा हात माळ पाहून आपण होऊन थबकतो आणि यजमान माळकऱ्यांची पंगत वेगळी बसवितो. एका माणसाने एका सकाळी घेतलेला निर्णय अशा रीतीने साऱ्या गावाच्या जबाबदारीचा होतो. माळ तुटली तर ती पुन्हा ओवून गळ्यात घातल्यावाचून अन्नग्रहण करावयाचे नाही, अशी निष्ठावंत माळकऱ्यांत रीत आहे. म्हणजे खंड पडल्यास काय करावे याचेही उत्तर आधीच दिलेले असते.

राज्यव्यवहार : जुन्या कारभारात पुढील वर्तनाविषयी मुचलका लिहून घेत आणि फेलजामीन (सद्वर्तनाबद्दलचा जामीन) घेत, आपल्या निश्चयाला दुसऱ्याची हमी जोडण्याचाच हा सरकारी प्रकार होय. परंतु या विचाराचे सर्वांत उदात्त राजकीय उदाहरण शिवनेरीवर जन्मलेल्या शिवाजीमहाराजांनी १६७० नंतरच्या दशकात चिपळूण भागातील लष्करी छावणीतल्या जुमलेदार, हवालदार व कारकून यांस लिहिलेल्या पत्रात आढळते. पावसाळ्यासाठी साठविलेला दाणा व वैरण आताच मनास येईल तशी उधळली तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी मरतील, आणि मग उपाशी लोक कुणब्यांच्या घरातील दाणे, भाकर, गवत, लाकूडफाटा, भाजी उचलू लागतील, ही कारणपरंपरा महाराजांनी त्यात पायरीपायरीने उलगडली आहे आणि लागेल ते बाजारातून विकत आणावे असे बजावले आहे. लूट करू नका एवढी आज्ञा देऊन ते थांबले नाहीत. लुटीचा मोह ज्या टंचाईतून उपजतो ती टंचाईच येऊ नये म्हणून पावसाआधीच बंदोबस्त केला. रयतेविषयीची कळकळ आणि मनुष्यस्वभावाचे ज्ञान यांचा असा संगम राजपत्रांत विरळा.

गावाचा निश्चय : पूर्वनिश्चय व्यक्तीप्रमाणे समूहही करू शकतो. राळेगणसिद्धीने नशाबंदी, कुऱ्हाडबंदी व चराईबंदी स्वीकारली. पोपटराव पवार १९८९ मध्ये हिवरे बाजारचे सरपंच झाल्यानंतर त्या गावाने शेतीसाठी विंधनविहिरी न खोदण्याचा आणि ऊस व केळी यांसारखी तहानलेली पिके न घेण्याचा निर्णय केला, तसेच पडलेला पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडण्याचा व त्यावरून पिके ठरविण्याचा प्रघात पाडला. शेजाऱ्याने खोल छिद्र पाडले की आपणही पाडावे, हा मोह अवर्षणप्रवण मुलखातील प्रत्येक शेतकऱ्यास होतो, आणि एकट्याने तो टाळला तर त्याच्या वाट्याचे पाणी दुसराच उपसतो. म्हणून येथे निश्चय सर्वांनी मिळूनच करावा लागतो. लोणीसारख्या, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतल्या कोरडवाहू पट्ट्यास हा धडा विशेष जवळचा आहे. महाराष्ट्र शासनाच्या २००८ च्या आदेशाने गावातील मद्यविक्रीचे दुकान गुप्त मतदानाने बंद करण्याचा मार्ग मोकळा झाला. ‘उभी बाटली, आडवी बाटली’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या मतदानात खेड्यापाड्यांतील स्त्रियांनी आपल्या घरातल्या पुरुषांचा संध्याकाळचा मोह दुपारीच, मतपेटीपाशी, रोखला.

अन्यत्र व आधुनिक संशोधन : होमरच्या काव्यातील ओडिसियस गाण्याने भुलविणाऱ्या समुद्रगायिकांच्या बेटाजवळून जाण्यापूर्वी खलाशांच्या कानांत मेण घालतो, स्वतःस डोलकाठीशी बांधून घेतो आणि मी विनवणी केली तर दोर अधिक आवळा असे सांगून ठेवतो, यॉन एल्स्टर या नॉर्वेजियन विचारवंताने १९७९ च्या आपल्या ग्रंथात हीच कथा आत्मनियमनाच्या मीमांसेचा आधार केली. १८८८ मध्ये विलायतेस निघण्यापूर्वी मोहनदास गांधींनी बेचरजी स्वामी या जैन साधूंसमक्ष मातेला मद्य, मांस व स्त्रीसंग यांपासून दूर राहण्याचे वचन दिले होते. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने ‘अमुक घडले तर मी तमुक करीन’ अशा जर-तर रूपातील निश्चय नुसत्या इच्छेपेक्षा अधिक फलद्रूप होतात, असे प्रयोगांच्या आधारे १९९९ च्या लेखात मांडले. १९४८ मध्ये कोपनहेगन येथील संशोधकांनी मद्यासक्तीवर पुढे आणलेले डायसल्फिराम हे औषध सकाळी घेतले असता नंतर घेतलेल्या मद्याने शरीरास तीव्र त्रास होतो. सकाळच्या शहाण्या माणसाने संध्याकाळच्या दुबळ्या माणसास घातलेला हा बांध होय, आणि तो वैद्याच्या देखरेखीखालीच घालावयाचा असतो. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने अशा निश्चयास समूहाचा आधार दिला.

मर्यादा : पूर्वनिश्चय अतिव्यापक असेल तर तो मोडतो, आणि एकदा मोडला की ‘आता गेलेच सगळे’ या भावनेने माणूस दुप्पट घसरतो, यास्तव निश्चय नेमका असावा आणि स्खलनानंतरची वाट त्यातच आखलेली असावी. दुसऱ्याने लादलेला नेम हा निश्चय नव्हे. परिस्थिती खरोखर बदलली असता निश्चयाचा फेरविचार अवश्य करावा, पण तो मोहाच्या घटकेस न करता निवांत वेळी आणि ज्यांच्यापुढे तो केला होता त्यांच्याच समक्ष करावा. व्यसन हा आजार असतो हे ध्यानात घेऊन, केवळ निश्चय टिकला नाही म्हणून कोणास हीन लेखणे अन्यायाचे आहे.

बैल गेल्यावर झोपा करणाऱ्याची गोष्ट मराठीत घरोघर सांगितली जाते. झोपा म्हणजे गोठ्याचे कवाड. ते करण्यास फार मोठे बळ लागत नाही, बैल दावणीला असताना आठवण मात्र लागते. तुळशीचे मणी वजनाला अत्यंत हलके असतात, आणि कोणताही मोह त्यांच्या भाराने दबत नाही. पण ते गळ्यात आधीपासून असतात, एवढ्यावरच आजवर कित्येक संसार सावरले आहेत.