मुंबई सिटी आणि एफसी गोवा : सामन्यांची व खेळाडूंची आकडेवारी

मुंबई सिटी एफसी आणि एफसी गोवा हे इंडियन सुपर लीगमधील (आयएसएल) दोन व्यावसायिक फुटबॉल संघ. दोघांची स्थापना ऑगस्ट २०१४ मधली आणि स्पर्धेचा पहिला हंगामही त्याच वर्षीचा. मुंबईचे घरचे मैदान अंधेरीचे मुंबई फुटबॉल अरेना, तर गोव्याचे मडगावचे फातोर्डा. दोन संघांची तुलना आकड्यांवर कशी होते आणि कुठे फसते, हे समजून घ्यायला मराठी वाचकासाठी याहून चांगली जोडी नाही. कारण इथले आकडे क्लबांपेक्षा माणसांच्या मागे गेले आहेत.

आजवरच्या सगळ्या सामन्यांचे गोल एकत्र मोजले, की एकच सामना सगळी बेरीज वाकवतो. १७ नोव्हेंबर २०१५ रोजी फातोर्ड्यावर गोव्याने मुंबईला ७-० ने हरवले. डुडू ओमाग्बेमी आणि थाँगखोसिएम हाओकिप या दोघांनी त्याच सामन्यात हॅट्‌ट्रिक केली, म्हणजे सातपैकी सहा गोल दोन जणांचे. गोलफरकाच्या रकान्यात ही रात्र सातने मोजली जाते. गुणतक्त्यात मात्र तिचे मोल १-० च्या विजयाइतकेच, तीन गुण. म्हणून गोलांची बेरीज आणि निकालांची मोजदाद नेहमी वेगवेगळी ठेवावी.

गोव्याचा खरा दबदबा नंतर आला. ऑक्टोबर २०१८ मध्ये ५-०, मार्च २०१९ च्या उपांत्य फेरीत ५-१, फेब्रुवारी २०२० मध्ये ५-२ : मुंबईविरुद्धच्या या तीन सामन्यांत गोव्याचे १५ गोल. हा संघ घडवला होता स्पॅनिश प्रशिक्षक सर्जियो लोबेरा यांनी. यातला शेवटचा विजय मिळाला तेव्हा ते पदावर नव्हते, हंगामी प्रशिक्षक क्लिफर्ड मिरांडा होते. खेळाडू मात्र तेच होते. त्या २०१९-२० च्या हंगामात साखळीत गोवा अव्वल ठरला.

पुढच्या हंगामात लोबेरा मुंबईत आले. अहमद जाहू, ह्युगो बुमू, मुर्तदा फॉल आणि गोव्याचाच मंदार राव देसाई हेही मुंबईत आले. इथून पुढे ‘मुंबई विरुद्ध गोवा’ असा सरळ इतिहास मांडणे मला दिशाभूल करणारे वाटते. तुलना हंगामानुसार तोडूनच करायला हवी. ती केली की एक रंजक फरक दिसतो. २०१९-२० मध्ये गोव्याने साखळीच्या १८ सामन्यांत ४६ गोल केले आणि २३ स्वीकारले. २०२०-२१ मध्ये लोबेरांच्या मुंबईने २० सामन्यांत ३५ केले आणि १८ स्वीकारले. सामन्यामागे हिशेब केला तर केलेले गोल २.५६ वरून १.७५ वर आले, स्वीकारलेले १.२८ वरून ०.९० वर. बहुतेक काळ प्रशिक्षक तोच, निम्मा कणाही तोच, पण संघ अधिक आवळून खेळला आणि मुंबईने साखळी व चषक दोन्ही जिंकले.

त्याच हंगामात दोघांची गाठ चारदा पडली : १-०, ३-३, २-२, ०-०. पहिला सामना मुंबईने भरपाई वेळेतल्या पेनल्टीवर जिंकला, तोही गोव्याचा एक खेळाडू लाल कार्डामुळे पूर्वार्धातच बाहेर गेल्यावर. दहा जणांनिशी खेळलेल्या सामन्यातली चेंडूच्या ताब्याची टक्केवारी इतर सामन्यांच्या पंगतीत बसवू नये. शेवटची गोलशून्य लढत म्हणजे उपांत्य फेरीचा दुसरा सामना. तो शूटआऊटमध्ये मुंबईने ६-५ ने जिंकला, पण नोंदीत ती बरोबरीच राहते, आणि शूटआऊटमधले गोल कोणत्याही खेळाडूच्या खात्यावर चढत नाहीत. शिवाय महामारीमुळे तो अख्खा हंगाम गोव्यातच रिकाम्या मैदानांवर झाला. घरचा-बाहेरचा हा रकाना त्या वर्षापुरता निरर्थक आहे.

खेळाडूंची तुलना सामन्यांच्या संख्येवर न करता मैदानावर घालवलेल्या मिनिटांवर करावी. गोव्याच्या फेरान कोरोमिनास यांचे आयएसएलमध्ये ५७ सामन्यांत ४८ गोल आहेत; इतकी सातत्यपूर्ण सरासरी या स्पर्धेत दुर्मीळ. मिनिटांचे महत्त्व दाखवणारे उदाहरणही गोव्याचेच. २०२०-२१ मध्ये गोव्याचे इगोर अँगुलो आणि दुसऱ्या संघाचे रॉय कृष्णा यांचे प्रत्येकी १४ गोल झाले आणि कमी मिनिटे खेळलेल्या अँगुलो यांना गोल्डन बूट मिळाला. पुढच्या हंगामात तेही मुंबईकडे गेले. बचावपटू आणि गोलरक्षकांची तुलना याहून अवघड आहे. फॉलसारखा उंच बचावपटू कॉर्नरवर गोल करतो तो तक्त्यात दिसतो. त्याच्यामुळे प्रतिस्पर्ध्याने दिलाच नाही असा पास कुठेच नोंदला जात नाही.

‘अपेक्षित गोल’ हे नवे मोजमाप प्रत्येक फटक्याची जागा, कोन इत्यादी पाहून त्यातून गोल होण्याची शक्यता मांडते. पेनल्टीची शक्यता साधारण पाऊण धरतात. पूर्ण हंगामासाठी ते उपयोगी आहे, एका रात्रीसाठी नाही, कारण एका सामन्यात काही मिनिटांतच सगळे उलटू शकते. २४ एप्रिल २०२४ चा फातोर्ड्यावरचा उपांत्य सामना पाहा : ८९ मिनिटे संपली तेव्हा गोवा २-० ने पुढे. मग मुंबईचे गोल : लालियानझुआला छांगटे, लगेच विक्रम प्रताप सिंग, आणि ९०+६ व्या मिनिटाला पुन्हा छांगटे. मुंबई ३-२ ने जिंकली, परतीचा सामना २-० ने घेतला आणि पुढे चषकही.

वाशीमसारख्या जिल्ह्यात व्यावसायिक क्लब नाही; रिसोड, कारंजा, मंगरूळपीरच्या प्रेक्षकाला ही लढत पडद्यावरच दिसते. पण तुलनेची पद्धत शालेय स्पर्धेलाही लागू पडते, आणि क्रीडाशिक्षकांनी ती जरूर वापरावी. शालेय सामने ९० मिनिटांपेक्षा कमी वेळाचे असल्याने गोल थेट मोजण्याऐवजी मिनिटांच्या प्रमाणात मांडावेत. वहीत प्रत्येक खेळाडूची उतरण्याची व बाहेर येण्याची वेळ, खेळण्याची जागा आणि प्रतिस्पर्ध्याचे मैदानावरचे खेळाडू एवढे लिहिले, तरी दोन शाळांच्या संघांची तुलना प्रामाणिकपणे करता येते. शूटआऊटसाठी वेगळा रकाना आखावा.