‘नवरा माझा नवसाचा’ : एसटीतून रेल्वेपर्यंतचा नवस

मराठी चित्रपटसृष्टीत लोकप्रिय ठरलेल्या चित्रपटाचा पुढील भाग काढण्याची प्रथा फारशी जुनी नाही. त्यातही सहकुटुंब पाहावयाचा विनोदी चित्रपट, त्याला देवदर्शनाच्या प्रवासाची चौकट आणि दोन भागांत वीस वर्षांचे अंतर, असा योग एकाच मालिकेत जुळून आला. सचिन पिळगांवकर दिग्दर्शित ‘नवरा माझा नवसाचा’ हा चित्रपट २००४ मध्ये प्रदर्शित झाला. त्याचा दुसरा भाग २० सप्टेंबर २०२४ रोजी, म्हणजे त्या वर्षीच्या अनंत चतुर्दशीनंतर अवघ्या तीन दिवसांनी चित्रपटगृहांत आला. दोन्ही चित्रपटांतील मंडळी मुंबईहून निघतात आणि दोन्ही वेळा त्यांचे गंतव्य एकच असते : रत्नागिरी जिल्ह्यातील गणपतीपुळे.

पाश्चात्त्य देशांत नाताळच्या सुट्टीभोवती गुंफलेल्या कौटुंबिक विनोदपटांची परंपरा मोठी आहे. ‘होम अलोन’ (१९९०) आणि त्याचा १९९२ मधील दुसरा भाग ही त्यांतील आपल्याकडेही परिचित असलेली उदाहरणे. तेथे सारे कुटुंब सुट्टीच्या प्रवासाला निघते आणि धाकटा मुलगा घरीच राहून जातो. विनोद उद्भवतो तो ताटातुटीतून. मराठी मालिकेत नेमके उलट घडते. येथे कोणीच मागे राहत नाही. ओळखीचे-अनोळखी सारे एकाच गाडीत कोंबले जातात आणि त्या दाटीतूनच गंमत निर्माण होते.

कथेचे बीज शीर्षकातच आहे. फार वाट पाहून झालेल्या अपत्याला मराठीत ‘नवसाचा’ म्हणतात. नवस हा देवाशी केलेला करार असतो. तो ‘बोलला’ जातो, देव त्याला ‘पावतो’ आणि मग तो ‘फेडावा’ लागतो. हे अखेरचे क्रियापद कर्जाच्या व्यवहारातील आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. नायक वक्रतुंड ऊर्फ वॅकी याच्या वडिलांनी मुलासाठी नवस बोलताना, हा मुलगा विवस्त्र होऊन देवाच्या दर्शनाला येईल, असे कबूल केलेले असते. शब्द बापाचा आणि लाज मुलाची! नवस फेडायचा राहून गेला म्हणूनच संसारात विघ्ने येतात, अशी पत्नी भक्तीची ठाम समजूत. तर भर मंदिरात नग्न जाण्याच्या कल्पनेनेच वॅकीला घाम फुटतो. सचिन आणि सुप्रिया हे १९८५ मध्ये विवाहबद्ध झालेले दांपत्यच या भूमिकांत असल्याने त्यांच्या कुरबुरींना घरगुती खरेपणा लाभला. श्रद्धेची टवाळी नाही आणि अश्रद्ध नवऱ्याला खलनायक ठरवणेही नाही, हा तोल या चित्रपटाने सांभाळला. तोल जाणे सोपे होते. विषयच तसा निसरडा होता.

चित्रपटाचा प्राण मात्र एसटीत आहे. अशोक सराफ यांचा कंडक्टर लालू हा केवळ तिकिटे फाडत नाही. तो गाडीतील समाजाचा सरपंच आहे. प्रवाशांच्या भाऊगर्दीत हिऱ्यांच्या चोरीचे उपकथानक मिसळले आहे आणि सोनू निगम एका गाण्यापुरते येऊन भाव खाऊन जातात. बसप्रवासाच्या विनोदाची वाट अर्थात आधीच मळलेली होती. ‘मद्रास टू पाँडिचेरी’ (१९६६) या तमिळ चित्रपटावरून हिंदीत ‘बॉम्बे टू गोवा’ (१९७२) निघाला होता आणि त्यात मेहमूद कंडक्टर होते. सचिन यांनी त्या वाटेवर नवसाचे ओझे ठेवले आणि ती वाट मराठी झाली. पुढे २००७ मध्ये त्यांनीच विष्णुवर्धन यांना घेऊन या कथेची कन्नड आवृत्ती ‘एकदंत’ या नावाने केली.

पहिला चित्रपट आला तेव्हा कोकण रेल्वे पूर्ण मार्गाने सुरू होऊन सहा वर्षे लोटली होती. तरीही दिग्दर्शकाने निवडली ती एसटीच, आणि ती निवड अचूक होती. एक दरवाजा, मधली अरुंद वाट, दोरीला बांधलेली घंटा : रंगमंचाला आणखी काय लागते? दुसऱ्या भागात मात्र प्रवास कोकण रेल्वेने होतो. भक्ती-वॅकीची मुलगी श्रद्धा (हेमल इंगळे) आणि लंबोदर (स्वप्नील जोशी) या नव्या जोडीवर कथेचा भार येतो. अशोक सराफ आता तिकीट तपासनीस असतात. डबे वाढले, पात्रे वाढली. मात्र कंडक्टरला सारी गाडी एका नजरेत दिसायची, तशी ती तपासनीसाला दिसत नाही. दुसरा भाग पहिल्याच्या आठवणीवर अधिक विसंबून आहे, तो यामुळेच.

वाहनातील हा बदल कोकणच्या साऱ्या किनाऱ्याने मात्र अनुभवलेला नाही. दापोली तालुक्यातील हर्णे हे त्याचे बोलके उदाहरण. सुवर्णदुर्गासमोरील हे मासळीचे बंदर. एके काळी मुंबईचा चाकरमानी येथे आगबोटीने येई आणि भर समुद्रात पडावात उतरून किनारा गाठी. आगबोटी थांबल्या आणि त्यांची जागा एसटीने घेतली. रेल्वेमार्ग आतल्या बाजूने गेल्याने हर्णेकराला स्थानक गाठायचे तर ४० किलोमीटरहून अधिक अंतरावरील खेडला जावे लागते. गणेशोत्सवात महामंडळ दरवर्षी हजारो जादा गाड्या कोकणात सोडते, त्या अशाच गावांच्या भरवशावर भरतात. त्यामुळे लालू कंडक्टरची गाडी हर्णेच्या प्रेक्षकाला स्मरणरंजन वाटण्याचे कारण नाही.

नवसासाठी हर्णेकराला पुळ्यापर्यंत जावे लागते असेही नाही. खाडीपलीकडे आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती आहे. उजव्या सोंडेचा आणि नवसाला पावणारा, अशी त्याची ख्याती. तरी पुळ्याचे आगळेपण वेगळेच. तेथील स्वयंभू गणेश पश्चिमेकडे तोंड करून आहे आणि डोंगरच देवस्वरूप मानल्याने प्रदक्षिणा देवळाला न घालता साऱ्या डोंगराला घालतात. हर्णेहून किनाऱ्याकिनाऱ्याने तेथे जायचे, तर दाभोळला वाशिष्ठीची आणि जयगडला शास्त्रीची खाडी ओलांडावी लागते. दाभोळ-धोपावे फेरीबोट २००३ मध्ये, म्हणजे पहिल्या चित्रपटाच्या आदल्याच वर्षी सुरू झाली, तवसाळ-जयगडची त्यानंतर. मोटार बोटीवर चढवायची, प्रवाशांनी खाली उतरून कठड्याशी उभे राहायचे आणि पलीकडच्या धक्क्याला लागेपर्यंत गप्पा मारायच्या. मालिकेचा तिसरा भाग निघालाच, तर ही बोट अजून कोणी वापरलेली नाही.