रेडिंगचा बियाणेवाला

'पेरावे तसे उगवते' ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली, त्याने बाजारातून विकतचे बियाणे आणले नसावे. घरच्या कणगीतले, राखेत घोळून जपून ठेवलेले बी त्याने पेरले असणार. बी जेव्हा दुकानातून येऊ लागले, तेव्हापासून या म्हणीचा भरवसा उरला नाही. तांदूळ शिजवून पाहता येतो, गूळ चाखून पाहता येतो, कापड हाताने चुरून पाहता येते. पण बियाणे खरे की खोटे हे कळायला एक पेरणी जावी लागते. तोवर पैसे दिलेले असतात आणि हंगाम गेलेला असतो.

व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीत इंग्लंडमधल्या एका बाजारगावात ज्याने याच वस्तूच्या व्यापारात जन्म घालवला, त्या मार्टिन होप सटन नावाच्या गृहस्थाची हकिकत आज सांगायची आहे. तो ना सेनापती होता, ना मुत्सद्दी. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात त्याचे नाव सापडणार नाही. पण त्या काळचा इंग्लंड नुसता पार्लमेंटात आणि रणांगणावरच घडत होता असे थोडेच आहे? तो अडत्यांच्या पेढ्यांवरही घडत होता.

लंडनच्या पश्चिमेस चाळीसएक मैलांवर, केनेट नदी जिथे थेम्सला मिळते तिथे रेडिंग हे गाव आहे. १८०१च्या शिरगणतीत त्याची वस्ती दहा हजारांच्याही आत होती. आसपासच्या बर्कशर परगण्यातले गहू-जव इथे यायचे आणि होड्यांतून लंडनला जायचे. गावाच्या मध्यावर तिकोनी बाजारचौक. शनिवारी तिथे शेतकऱ्यांची झुंबड उडे. धान्याची सगळी पोती काही चौकात येत नसत. शेतकरी लहानशा पिशवीतून मूठभर वानगी आणी, अडत्या ते दाणे तळहातावर घेऊन फुंकर मारी, दाताखाली चावून पाही, नि भाव ठरे. आपल्याकडे मोंढ्यात रुमालाखाली बोटे दाबून सौदे होत, तसा गुप्तपणाचा प्रकार तिथे नव्हता. पण डोळ्यांच्या इशाऱ्यांची भाषा दोन्हीकडे सारखीच असावी!

या गावात १८०६ साली जॉन सटन याने धान्यापिठाची पेढी घातली. मार्टिन हा त्याचा मुलगा, जन्म १८१५चा. ते साल वॉटर्लूच्या लढाईचे म्हणून सगळ्यांना ठाऊक आहे. पण धान्याच्या व्यापाऱ्याला ते दुसऱ्याच कारणासाठी महत्त्वाचे. त्याच वर्षी पार्लमेंटाने कायदा केला की, देशात गव्हाचा भाव क्वार्टरला, म्हणजे आठ बुशेलच्या मापाला, ८० शिलिंगांवर गेल्याखेरीज परदेशी गहू विकू द्यायचा नाही. जमीनदार खूश झाले. पाव विकत घेऊन खाणाऱ्या मजुराला काय वाटले, हे विचारण्याची पार्लमेंटला गरज भासली नाही.

मजुराने आपले म्हणणे पुढे वेगळ्या रीतीने सांगितले. १८३०च्या हिवाळ्यात दक्षिण इंग्लंडभर शेतमजूर उठले. हाताने मळणी करून थंडीचे चार महिने काढायचे, तर आता मळणीची यंत्रे आली होती. मजुरांनी ती फोडली, मजुरी वाढवून मागितली, गंजींना आगी लावल्या. बर्कशरमधल्या किंटबरी गावचा विल्यम विंटरबोर्न हा त्यांतला एक म्होरक्या. त्याच्या हातून कोणाचा जीव गेलेला नव्हता. तरीही ११ जानेवारी १८३१ रोजी रेडिंगच्या तुरुंगात त्याला फाशी देण्यात आले. (ऑस्कर वाइल्डमुळे पुढे साहित्यरसिकांच्या तोंडी झालेला रेडिंगचा तुरुंग तो हाच नव्हे, तो नंतर बांधला गेला.) मार्टिन त्या वेळी पंधरा वर्षांचा होता आणि पेढीवर काम शिकत होता. ज्या धान्यावर त्याचे घर चालत होते, त्याच धान्यापायी गावात एक माणूस फासावर गेला. त्या मुलाच्या मनावर याचा काय ठसा उमटला हे कोण सांगणार! पण अशा गावात, अशा दिवसांत तो वाढला, एवढे ध्यानात ठेवले पाहिजे.

मुलाचे लक्ष धान्यापेक्षा वनस्पतींकडे अधिक होते. त्याने बापाच्या पेढीला बियाण्यांच्या व्यापाराची जोड दिली. भाज्यांचे बी, फुलांचे बी, आणि मुख्य म्हणजे शेतकऱ्याला लागणारे सलगम, क्लोव्हर व गवतांचे बी. १८३७च्या सुमारास पेढी थेट बाजारचौकात आली. धाकटा भाऊ आल्फ्रेड मागाहून मदतीला आला आणि पाटीवर 'सटन अँड सन्स' ही अक्षरे चढली.

आता हा धंदा त्या काळी किती काळवंडलेला होता, ते थोडे विस्ताराने सांगायला हवे. कारण या माणसाची खरी कसोटी तिथेच लागली.

सलगमचेच उदाहरण घ्या. आपल्याला ती एक बिनमहत्त्वाची भाजी वाटते. पण इंग्लंडच्या शेतकऱ्याला सलगम म्हणजे हिवाळ्याचा कडबा. उन्हाळ्याच्या तोंडाला पेरायचा आणि थंडीत शेतातच मेंढ्यांना चारायचा. सलगम बुडाला की मेंढ्या उपाशी, मेंढ्या गेल्या की त्यांचे खत गेले, आणि खत गेले की पुढच्या साली जव नाही. आता सलगमचे बी असते मोहरीसारखे. त्याच कुळातली 'रेप' नावाची एक गळिताची जात आहे. तिचे दाणेही हुबेहूब तसेच, आणि दराने पुष्कळ स्वस्त. तेव्हा शेरभर सलगमात पावशेर रेप मिसळणे हा काही मोठा बुद्धीचा खेळ नव्हता. पण त्यात एक अडचण होती. रेप शेतात उगवली असती आणि तिने व्यापाऱ्याच्या नावाने बोंब ठोकली असती. म्हणून व्यापारी ते दाणे आधी भट्टीत भाजून मारून टाकीत. मेलेले बी साक्ष द्यायला उगवत नाही! शेतात रोपे विरळ आली की शेतकरी नशिबाला दोष देई, पावसाला देई, कोवळी पाने खाणाऱ्या किड्याला शिव्या घाली. दुकानदाराला दोष देण्यासारखा पुरावा जमिनीच्या वर येतच नसे.

आणि हे अंधारात चाले असेही नाही. मारलेले बी भेसळीसाठी म्हणून घाऊक बाजारात राजरोस विकत मिळे. क्लोव्हरचे जुने, निस्तेज झालेले दाणे रंगवून, गंधकाची धुरी देऊन ताजे दिसतील असे करीत. युरोपात तर गारगोटीचे खडे चाळून, रंगवून क्लोव्हरमध्ये मिसळण्यापर्यंत मजल गेली होती. निदान खडे मिसळणाऱ्याने दाणे मारण्याचे पाप तरी केले नाही!

यातली खरी मेख पाहा. एखाद्या व्यापाऱ्याने ठरवले की आपण चोख माल विकायचा, तर त्याचा भाव चढा राहणार. शेजारच्या दुकानात तेच बी, दिसायला तसेच, स्वस्त. गिऱ्हाईक कुठे जाईल? प्रामाणिकपणाचे बक्षीस म्हणून त्याला दिवाळे मिळण्याचा संभव अधिक. 'सगळेच करतात' हे वाक्य व्यापारात नुसती सबब नसते, पुष्कळदा ती वस्तुस्थितीच असते.

सटनने या पेचातून वाट काढली ती अशी. १८४० साली त्याने आपल्या पेढीत बी तपासण्याची प्रयोगशाळा काढली. प्रयोगशाळा म्हटल्यावर काचेच्या नळ्या डोळ्यांपुढे येतात. पण बी तपासण्याचे मर्म अगदी साधे. शंभर दाणे मोजायचे, ओलाव्यात आणि उबेत ठेवायचे, आणि कोंब किती आले ते मोजायचे. आपला शेतकरी ओल्या गोणपाटात दाणे गुंडाळून हेच करतो. फरक इतकाच, की इथे ही परीक्षा घेणारा नाही, तर देणारा करीत होता. ज्या काळी बी मारून विकणे ही रीत होती, त्या काळी एक दुकानदार माल जिवंत आहे की नाही हे पाहून मगच विकतो, ही गोष्ट लहान नव्हती.

नुसत्या सचोटीने मात्र पेढी उभी राहिली नसती. दैवानेही हात दिला. त्याच वर्षी, १० जानेवारी १८४० पासून, इंग्लंडात एका पेनीत देशाच्या कोणत्याही टोकाला पत्र जाऊ लागले. त्याआधी टपालाचा खर्च अंतरावर बसे आणि तो बहुधा पत्र घेणाऱ्याच्या माथी पडे. पुढे दोनच महिन्यांनी, ३० मार्चला, लंडनची आगगाडी रेडिंगला येऊन पोचली. दुसरा कोणी असता तर त्याला भीती वाटली असती, की आता गावचे लोक खरेदीला लंडनला जाणार. सटनने उलटा हिशेब मांडला. बी ही वस्तूच अशी की हलकी, टिकाऊ, पाकिटात मावणारी, आणि थोडक्यात पुष्कळ मोलाची. मग गिऱ्हाइकाने दुकानात यावेच कशाला? त्याने याद्या छापल्या, त्या टपालाने जमीनदारांना आणि शेतकऱ्यांना धाडल्या, आणि माल रेल्वेने रवाना केला. रेडिंगच्या चौकातले दुकान अशा रीतीने देशभरच्या गिऱ्हाइकांच्या दारात जाऊन बसले. चोख मालाला गावात गिऱ्हाईक थोडे मिळते. पण देशभर शोधले तर पुरेसे मिळते. प्रामाणिकपणा परवडावा म्हणूनही मोठी बाजारपेठ लागते, हे अर्थशास्त्र त्या माणसाने ओळखले होते असे मला वाटते.

१८४५ साली आयर्लंडात बटाट्यावर करपा आला. दुसऱ्या साली पीक जवळजवळ सगळेच सडले. लाखो माणसे ज्या एका कंदावर जगत होती तो गेला. त्या दुष्काळात लवकर हाती येणाऱ्या भाज्यांचे बी सटनच्या पेढीने आयर्लंडला पुरवले. घराण्याच्या इतिहासात ही गोष्ट अभिमानाने सांगितली जाते, आणि ती सांगण्यासारखी आहेही. पण भुकेल्या माणसाला बी देणे म्हणजे त्याला 'थांब' असे सांगणे होय. लवकर येणारी भाजी झाली तरी तिला महिने लागतात. १८४७ साली करपा हटला होता, तरी पीक थोडेच आले. कारण पेरायला राखलेले बटाटे लोकांनी खाऊन टाकले होते. बियाणे खाण्याची वेळ येणे म्हणजे काय, हे १८७६ ते ७८च्या दुष्काळातून गेलेल्या दख्खनच्या घरांना समजावून सांगायला नको. आणि त्याच वर्षांत आयर्लंडच्या बंदरांतून धान्य बाहेरही जात होते. ते काम करणारेही अडतेच होते.

१८५८ साली राणीच्या घरी सटनचे बी जाऊ लागले. दुकानावर राजचिन्ह लागले, चौकाच्या मागे वखारी पसरत गेल्या. गावही वाढले. हंटली अँड पामरची बिस्किटे, सायमंड्सची बिअर आणि सटनचे फुलझाडांचे कंद. इंग्रजीत तिन्ही नावांची सुरुवात 'ब'नेच होते, म्हणून लोक रेडिंगला तीन 'ब'कारांचे गाव म्हणत. मराठीत कंदांऐवजी 'बिया' म्हटले की आपलाही 'ब' साधतो!

अखेर १८६९ साली पार्लमेंटाने बियाण्यांच्या भेसळीविरुद्ध कायदा केला. बी मारणे, रंगवणे आणि फसवणुकीच्या हेतूने ते विकणे हा गुन्हा ठरला. पहिल्या खेपेस ५ पौंडांपर्यंत दंड, पुन्हा केल्यास ५० पर्यंत, आणि वर गुन्हेगाराचे नाव छापून प्रसिद्ध करण्याची तरतूद. व्यापाऱ्याला शेवटचीच शिक्षा अधिक झोंबली असेल. पण या कायद्यात एक भोक राहिले. बी मारणे गुन्हा झाला. आपोआप मेलेले, वखारीत वर्षानुवर्षे पडून निर्जीव झालेले बी विकणे मात्र गुन्हा ठरले नाही. शंभरात किती उगवतील हे सांगण्याची सक्ती इंग्लंडात झाली ती १९१७ साली, महायुद्धात अन्नाची टंचाई भासू लागल्यावर. आपल्याकडचा बियाणे कायदा १९६६चा. तरीही दुबार पेरणीचे संकट ओढवलेले शेतकरी बोगस बियाण्याच्या तक्रारी घेऊन आजही तालुक्याला खेटे घालतात.

सटनच्या उतारवयात धान्याच्या व्यापाराची दशा पालटली. परदेशी गव्हाला अटकाव करणारे कायदे १८४६ सालीच रद्द झाले होते. पुढे अमेरिकेच्या माळरानांवरचा गहू आगबोटींतून येऊ लागला, त्यातच १८७९ सारखी अतिवृष्टीची साले आली. १८९४ साली क्वार्टरला २२ शिलिंग १० पेन्स एवढा भाव घसरला. टॉमस हार्डीच्या 'द मेयर ऑफ कॅस्टरब्रिज' या १८८६च्या कादंबरीत बाजारगावचा एक धान्यव्यापारी हवामानावर जुगार खेळून धुळीला मिळतो. तसे कित्येक व्यापारी प्रत्यक्षात जुगार न खेळताही बुडाले. शेतकऱ्यांनी गव्हाची शेते मोडून कुरणे केली. आणि कुरणे करायला गवताचे बी लागते! कोणत्या मातीत कोणती गवते किती प्रमाणात मिसळावीत, याचा अभ्यास या घराण्याने केलेला होताच. मार्टिन जॉन या मुलाने कायम आणि तात्पुरत्या कुरणांवर १८८६ सालीच एक जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. ज्या मंदीने धान्याचे अडते बुडाले, ती या बियाणेवाल्यांच्या पथ्यावर पडली.

मार्टिन होप सटन १९०१च्या ऑक्टोबरात वारला. राणी त्याच वर्षाच्या जानेवारीत गेली होती. तोवर रेडिंगची वस्ती सत्तर हजारांवर गेली होती. धंदा मुलानातवंडांनी पुढे नेला. पण लेनर्ड या मुलाच्या पाच मुलांपैकी चौघे पहिल्या महायुद्धाने नेले. पेढीची एक शाखा १९१२ साली कलकत्त्यात निघाली, आणि फ्लॉवर-कोबीच्या, स्वीट पीच्या पाकिटांवरून हे नाव हिंदुस्थानातल्या बागांत पोचले. १९७०नंतरच्या दशकात पेढी रेडिंग सोडून डेव्हनमधल्या टॉर्कीला गेली. रेडिंगच्या पूर्वेला जिथे तिचे वाफे होते, जिथे दर साली बी पेरून त्याचा खरेखोटेपणा पाहिला जाई, तिथे नंतर कचेऱ्या आणि गुदामे उभी राहिली. त्या वसाहतीला नाव मात्र सटनचेच दिले गेले.