जात्यावरच्या ओव्या प्रकल्प

महाराष्ट्रातल्या खेड्यांत बायांनी दळताना गायलेल्या ओव्यांचा संग्रह आणि तो लोकांपुढे आणण्यासाठी अभ्यासक व पत्रकार यांनी मिळून चालवलेले काम. संग्रहात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. त्या हजारावर गावांतल्या, तीन हजारांवर बायांच्या.

संग्रहाची सुरुवात हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी प्वातवाँ यांनी केली. दोघे पुणे जिल्ह्याच्या डोंगरी भागात गरिबांच्या संघटनेचे काम करीत. तिथल्या बाया बैठकीत मोजकेच बोलत, पण ओवीत सासुरवास, माहेर, भाऊ, विठ्ठल सगळे येई. पिठाची गिरणी गावात आली तसे जाते कोपऱ्यात गेले, आणि ओवी तर हाताच्या फेऱ्याबरोबर सुचणारी. म्हणून उतरवून घेण्याची घाई होती. १९९०च्या दशकात संगणकीय संगीतशास्त्राचे अभ्यासक बर्नार्ड बेल या कामात आले. विषयवार माहितीसाठा उभा राहिला आणि सुमारे साडेचार हजार ओव्यांचे १२० तासांचे ध्वनिमुद्रण झाले. प्वातवाँ २००४ मध्ये निवर्तले, राईरकर २०१० मध्ये निवर्तल्या.

पी. साईनाथ यांनी डिसेंबर २०१४ मध्ये सुरू केलेल्या ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ (पारी) या ग्रामीण पत्रकारितेच्या संकेतस्थळाने पुढे हा साठा हाती घेतला. २०१७ पासून ओव्या तिथे क्रमाने प्रसिद्ध होऊ लागल्या. संपादनाची धुरा नमिता वाईकर यांच्याकडे, इंग्रजी अनुवाद आशा ओगले यांचा. मूळ संग्रहात काम केलेले जितेंद्र मैड याही गटात असल्याने वहीतली ओवी आणि गावातली बाई यांचा धागा तुटला नाही.

या प्रकल्पाचे मोल त्याच्या नोंदपद्धतीत आहे. लोकगीतांच्या पुस्तकांत गाणारी बहुधा अनामिक असते. इथे ओवीखाली तिचे नाव, गाव, तालुका, जात, वय, शिक्षण, मुलेबाळे, कामधंदा आणि मुद्रणाची तारीख असते. ही शिस्त अभ्यासकांची. पत्रकारांनी त्यात भर घातली ती परत जाण्याची: जुन्या नोंदीतला पत्ता घेऊन ते गावात गेले, गायिकांना पुन्हा भेटले, त्यांचे चित्रण केले. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरात १९९६ मध्ये मुद्रित झालेल्या बाबासाहेबांवरील ओव्या अशाच भेटीनंतर वाचकांपर्यंत आल्या. काही गायिका तोवर वारल्या होत्या. त्यांच्या घरच्यांकडे फोटो होता. गळा मात्र या मुद्रणातच उरला होता.